नाव एका ओळीत, पुस्तक कपाटात

(अमरावतीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

मला साहित्यावर बोलायला बोलावलं याचं सगळ्यात जास्त आश्चर्य माझ्या घरच्यांनाच वाटलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जन्म अकोल्याचा, इंजिनिअरिंग इथे अमरावतीत झालं. मराठी हा माझा पेशा नाही, आवड आहे. त्यामुळे कुठे चुकलो, तर इथे बसलेल्या मराठीच्या सरांनी आणि मॅडमनी मला खुशाल थांबवावं.

सुरुवात माझ्या भाचीपासून करतो. ती अकोल्यात राहते. दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकली आणि बी.ए.ला तिने मराठी घेतलं. नातेवाईकांत चर्चा झाली, "काहून घेतलं बाप्पा मराठी? त्यानं काय होते?" तिने ऐकलं नाही. परीक्षेच्या आधी एकदा मी तिची वही चाळत होतो. जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास होता. महानुभाव, वारकरी, पंडित कवी, शाहीर, प्रत्येकाची पानंच्या पानं. आणि एका ठिकाणी एकच ओळ : 'मुस्लिम मराठी संतकवी : शेख महंमद, शहा मुंतोजी, हुसेन अंबरखान, शहामुनी.' शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं, 'टीप, ५ मार्क'.

मी विचारलं, "यांचं काही वाचलंस का?"

ती म्हणाली, "मामू, हे वाचायचं थोडंच असतं? पाठ करायचं असतं."

आज मला जे बोलायचंय ते याच वाक्याबद्दल आहे. आपण नेहमी तक्रार करतो की मराठी साहित्याच्या यादीत आपण नाही. खरी गोष्ट जरा वेगळी आहे. नावं यादीत आहेत. ती कोणी काढून टाकलेली नाहीत. पण ती एका ओळीत आहेत आणि त्यांची पुस्तकं कपाटात आहेत. नाव पाठ करणं आणि पुस्तक वाचणं यांत जे अंतर आहे, ते कापायचं काम आता आपलं आहे.

आधी हे सांगतो की ही यादी आभाळातून पडलेली नाही. ती माणसांनी केली आहे आणि ती कधी केली तेही माहीत आहे. १८५४ मध्ये परशुरामतात्या गोडबोले यांनी 'नवनीत' नावाचा मराठी कवितांचा संग्रह काढला. शाळेतल्या मुलांनी कोणत्या जुन्या कविता वाचायच्या हे पुढे कित्येक वर्षं त्या संग्रहाने ठरवलं. पुढे १८७३ च्या सुमारास तुकोबांची गाथा सरकारी मदतीने मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात छापली गेली. पोथ्या गोळा झाल्या, पाठ ताडून पाहिले गेले, पैसा खर्च झाला. तुकोबा थोर होतेच. पण थोर असणं वेगळं आणि विद्यार्थ्याच्या हातात पुस्तक पोचणं वेगळं. त्यासाठी संपादक लागतो, छापखाना लागतो, पैसा लागतो आणि मागे लागणारी माणसं लागतात.

आता एक प्रश्न. १८५४ मध्ये 'नवनीत' निघालं तेव्हा आपल्याच जिल्ह्यातला एक मोठा खजिना त्यात का नव्हता?

मी रिद्धपूरबद्दल बोलतोय. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. इथे बसलेल्यांपैकी अनेक जण त्या फाट्यावरून एसटीने गेले असतील. तेराव्या शतकात गोविंदप्रभू तिथे राहत. चक्रधरस्वामींचे शिष्य तिथे जमले. चक्रधरांना भेटलेल्या एकेका माणसाला गाठून म्हाइंभटांनी आठवणी विचारल्या आणि त्यातून 'लीळाचरित्र' तयार झालं. काळ साधारण १२७८. मराठीतला पहिला गद्यग्रंथ म्हणून आज आपण तो शिकतो. मराठीची आद्य कवयित्री महदंबा हिने 'धवळे' गायले तेही रिद्धपूरलाच.

पण १८५४ मध्ये हे बाहेर कोणालाच वाचता येत नव्हतं. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेवले होते. सकळा, सुंदरी अशी त्या लिप्यांची नावं. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर हे एन्क्रिप्शन होतं. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा खूण ठेवायची आणि किल्ली फक्त पंथातल्या माणसांकडे. पोथ्या मठांत सुरक्षित होत्या, पण बाहेरच्यासाठी त्या असून नसल्यासारख्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. ल. भावे, वि. का. राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांना ती किल्ली मिळाली. मग ह. ना. नेने, य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते अशा विदर्भातल्या माणसांनी आयुष्यं त्यात घातली. कोलत्यांनी संपादित केलेलं 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये आलं.

म्हणजे बघा, मराठी साहित्याच्या इतिहासाचं पहिलं प्रकरण शंभरेक वर्षांपूर्वी नव्याने लिहावं लागलं. ज्ञानेश्वरी लहान झाली नाही, तुकोबा मागे पडले नाहीत. यादी वाढली आणि भाषा मोठी झाली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा ज्या जुन्या ग्रंथांकडे अभिमानाने बोट दाखवलं गेलं त्यांत 'लीळाचरित्र' होतं. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे. जे एकेकाळी कुलपात होतं त्याच्या गावात विद्यापीठ! यादी वाढवता येते याचा पुरावा मला पुण्या-मुंबईत शोधावा लागत नाही, तो आपल्या जिल्ह्यात आहे.

आता जरा लांब, अमेरिकेत जाऊ. तिथेही विद्यार्थ्यांना 'सुरुवातीचं अमेरिकन साहित्य' शिकवतात. बराच काळ ती यादी म्हणजे इंग्लंडहून आलेले प्युरिटन धर्मोपदेशक, मग बेंजामिन फ्रँकलिन आणि त्यांच्यासारखे गोरे पुरुष. पुढे शिक्षकांनीच विचारायला सुरुवात केली की मूळ रहिवाशांच्या कथा कुठे आहेत, बायका कुठे आहेत, गुलाम कुठे आहेत? पॉल लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये 'हीथ' नावाने ओळखला जाणारा संग्रह काढला आणि ही यादी खूप रुंद केली.

त्या रुंद यादीतल्या दोघांबद्दल सांगतो. पहिली फिलिस व्हीटली. लहानपणी आफ्रिकेतून पकडून आणलेली, बॉस्टनच्या एका घरात गुलाम. १७७३ मध्ये तिचं कवितांचं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. त्या पुस्तकात बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांचं सहीनिशी प्रमाणपत्र आहे की या कविता खरोखर हिनेच लिहिल्या आहेत. हे वाचलं आणि मला माझी शाळा आठवली. मी मराठी शाळेत होतो. वक्तृत्व स्पर्धेत नंबर आला. एका शिक्षकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्या वर्गाला सांगितलं, "बघा, मुसलमान असून किती छान मराठी बोलतो." माणूस प्रेमळ होता, त्यांना कौतुकच करायचं होतं. घरी येऊन मी अम्मीला खुशीत सांगितलं. त्या 'असून'मध्ये काय आहे हे कळायला मला दहा वर्षं लागली.

दुसरा उमर इब्न सईद. सेनेगलच्या फुता तोरो भागातला शिकलेला मुसलमान. १८०७ मध्ये पकडला गेला आणि गुलाम म्हणून अमेरिकेत विकला गेला. १८३१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात, गुलाम असतानाच, त्याने आपलं आत्मचरित्र अरबीत लिहिलं. अमेरिकेतल्या गुलामाने अरबीत लिहिलेलं आणि आज टिकून असलेलं असं दुसरं आत्मचरित्र माहीत नाही. ते हस्तलिखित आता तिथल्या काँग्रेसच्या ग्रंथालयात आहे आणि २०१९ पासून सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुलं आहे.

मी ते मोबाईलवर अम्मीला दाखवलं. काही सांगितलं नाही. अक्षर पश्चिम आफ्रिकी वळणाचं. 'फ'चा नुक्ता खाली, 'क़ाफ'चा एकच नुक्ता वर, त्यामुळे ती अडखळत होती. मग एकदम थांबली आणि पुढचं न बघताच म्हणत गेली. आत्मचरित्राची सुरुवातच सूरह मुल्कने आहे, आणि ती सूरह माझी अम्मी रोज रात्री झोपण्याआधी पढते. दोनशे वर्षांपूर्वीच्या कैदेतल्या माणसाचं पान अकोल्यातल्या एका बाईने वाचलं, कारण कोणीतरी ते जपलं, त्याचे फोटो काढले आणि खुलं ठेवलं. मला वाटतं, यादी वाढवणं म्हणजे हेच. एकाने पान खुलं ठेवायचं आणि दुसऱ्याने ते वाचायचं.

आता आपल्या त्या एका ओळीकडे परत येऊ.

शेख महंमद श्रीगोंद्याचे, सतराव्या शतकातले. म्हणजे तुकोबांच्या काळातले. त्यांची गुरुपरंपरा कादरी सूफींशी जोडलेली, गुरू चांद बोधले. 'योगसंग्राम' हा त्यांचा मोठा ओवीबद्ध ग्रंथ १६४५ चा. माणसाची स्वतःच्या आतल्या शत्रूंशी चाललेली लढाई हा त्याचा विषय. शिवाय 'पवनविजय', 'निष्कलंकप्रबोध' आणि पुष्कळ अभंग. शहा मुंतोजी बिदरकडचे, 'मृत्युंजय' या नावाने लिहिणारे, 'सिद्धसंकेतप्रबंध' त्यांचा. हुसेन अंबरखान यांनी गीतेवर मराठीत टीका लिहिली, ती 'अंबरहुसेनी'. शहामुनींचा 'सिद्धांतबोध' अठराव्या शतकातला. आणि शाहिरांच्या पानावर एक नाव आहे ज्याच्याकडे माझ्या भाचीचं लक्षच गेलं नव्हतं, सगनभाऊ. पेशवाईतले मोठे लावणीकार, जातीने शिकलगार, मुसलमान. नावात 'भाऊ' आहे म्हणून आपल्यालाही ते आपले वाटले नाहीत.

हे शोधून काढण्याचं श्रेय कोणाला? वा. सी. बेंद्रे यांनी १९६१ मध्ये शेख महंमदांची कविता संपादित केली. रा. चिं. ढेरे यांनी १९६७ मध्ये 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक लिहिलं. दोघेही मुसलमान नव्हते. त्यांनी आपलं काम चोख केलं. त्यानंतर पन्नास-साठ वर्षं आपण काय केलं, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो. मी ढेऱ्यांचं पुस्तक तिशी ओलांडल्यावर पाहिलं.

वाचायला घेतलं की दोन अडचणी येतात. त्या लपवून मी तुम्हाला ही पुस्तकं देणार नाही.

पहिली अडचण आपल्या घरातली. कोणीतरी म्हणणारच, "हे कसले मुसलमान? योग काय, गीता काय, गोविंद काय!" शेख महंमद स्वतःला 'अविंध' म्हणवतात. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो, त्या काळच्या मराठीत मुसलमान. ते ढोंगी गुरूंवर तुटून पडतात आणि ढोंगी फकिरांवरही. त्यांची भाषा वाचून तुम्हाला अस्वस्थ वाटू शकतं. मलाही काही ठिकाणी वाटलं. पण वाचणं म्हणजे बैअत घेणं नाही. त्यांच्या ईमानाचा हिशेब त्यांच्या रबाकडे. मला फक्त एवढंच बघायचंय की चारशे वर्षांपूर्वी एक मुसलमान याच भाषेत एवढा मोठा विचार करत होता.

दुसरी अडचण बाहेरची. काही लोक या कवींचा उपयोग काठीसारखा करतात. "बघा, चांगला मुसलमान असा होता, तुम्ही का नाही तसे?" म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या आडून आजच्या मुलाला झोडायचं. हे मान्य करू नका. आणि आपणही त्यांना देशभक्तीच्या दाखल्यासारखे खिशात ठेवून फिरू नका. श्रीगोंद्यात शेख महंमदांच्या स्थळाला मंदिर म्हणायचं की दर्गा, यावरून वाद पेटला. त्यांची जागा कोणाची यावर भांडायला दोन्हीकडे माणसं आहेत. त्यांचा 'योगसंग्राम' वाचायला दोन्हीकडे किती आहेत?

आणि जिथे आपल्याला टोचतं तेही वाचायचं. महानुभावांची परंपरा सांगते की 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत दिल्लीच्या सुलतानाच्या सैन्याच्या धाडीत गेली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा जुळवली. ही गोष्ट यादीत आपल्या बाजूची नाही म्हणून गाळायची नाही. यादी वाढवा म्हणणाऱ्याने ती स्वतःसाठी कापायची नसते.

एक गोष्ट मात्र आनंदाने सांगतो. उर्दू शाळेतून आलेल्या मुलामुलींना वाटतं की मराठीत आपण मागे आहोत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, 'ळ' जड जातो. खरं आहे. पण जुन्या मराठीत तुमच्याकडे एक किल्ली आहे जी इतरांकडे नाही. एकनाथांनी देवाला उद्देशून 'अर्जदस्त' लिहिली आहे, दरबारी अर्जाच्या थाटात, फारसी शब्दांनी भरलेली. त्यांचा 'हिंदू-तुर्क संवाद' आहे, त्यातला तुर्क हिंदुस्तानी बोलतो. तुकोबांच्या गाथेत 'दरवेस', 'मलंग' अशा नावांची हिंदुस्तानी पदं आहेत. मराठी शाळेतली मुलं तिथे शब्दकोश उघडतात, तुम्हाला ते कानावरून कळतं.

आता माझ्या कामाचं थोडं. हे साहित्य का सापडत नाही याचं एक कारण अगदी साधं, तांत्रिक आहे. शोधाच्या खिडकीत 'शेख मुहम्मद' लिहा. पुस्तकावर 'महंमद' आहे, कुठे 'महम्मद', कुठे 'मोहम्मद', कुठे 'मोहंमद'. कॉम्प्युटरला हे पाच वेगळे लोक वाटतात. शिवाय जुनी पुस्तकं स्कॅन केलेली असली तरी ते पानाचे फोटो असतात, त्यात शब्द शोधता येत नाही. फोटोतून अक्षर ओळखणारं सॉफ्टवेअर जुन्या टंकावर आणि जुन्या रूपांवर चुकतं. म्हणजे पुन्हा कुलूपच, फक्त ते कोणी मुद्दाम लावलेलं नाही.

हे कुलूप आपण काढू शकतो. कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. संपादकांच्या प्रस्तावना आणि टिपा आपल्या नाहीत, त्या उचलायच्या नाहीत. पण सतराव्या शतकातली ओवी सगळ्यांची आहे. माझा प्रस्ताव छोटा आहे. अमरावतीत आठ जण, अकोल्यात आठ जण. 'योगसंग्रामा'चा एकच प्रसंग घ्या. प्रत्येकाने आठवड्याला दहा ओव्या जशा आहेत तशा टाइप करायच्या, आपल्या मनाने शुद्धलेखन सुधारायचं नाही. रविवारी एकत्र बसून त्या मोठ्याने म्हणायच्या, कारण ओवी कानाने कळते. अडलेल्या शब्दांची यादी करायची आणि ती घेऊन मराठीच्या सरांकडे जायचं. तपासलेल्या ओव्या मराठी विकिस्रोतावर ठेवायच्या, नावाच्या पाचही रूपांसह. सॉफ्टवेअरची बाजू मी सांभाळतो. आणि या आठांत सगळे मुसलमान नकोत. महानुभाव घरातला, वारकरी घरातला मित्र असेल तर त्याला आणा. आपली वेगळी यादी करून वेगळ्या कोपऱ्यात बसायचं नाहीये. शेख महंमदांचं पान तुकोबांच्या पानाशेजारी उघडायचं आहे, कारण ते एकाच काळात, एकाच भाषेत लिहीत होते.

अमरावतीने नोव्हेंबर २०२१ पाहिला आहे आणि अकोल्याने मे २०२३. ओव्या वाचून दगड थांबतात असं मी म्हणणार नाही, मी तेवढा भोळा नाही. पण त्या दिवसांत "तुमचं इथे काय आहे?" असा प्रश्न ज्यांनी ऐकला त्यांना माहीत आहे की उत्तर आठवत नाही तेव्हा कसं वाटतं. माझी इच्छा एवढीच आहे की ते उत्तर तुम्हाला पाठ नसावं, वाचलेलं असावं.

भाचीचं काय झालं ते सांगून थांबतो. परीक्षेत ती टीप आलीच नाही. पण त्यानंतर तिच्या वर्गात एकनाथांचा भाग सुरू झाला. तिच्या शेजारी बसणारी मुलगी, जी वर्गात नेहमी पहिली येते, तिने तिला हळूच विचारलं, "अगं, हे अर्जदस्त म्हणजे काय?" भाचीने मला रात्री फोन केला. म्हणाली, "मामू, तिनं मला विचारलं. मराठीतलं. मला."